डावीकडे बसलेला एक

माझी भाची बालभारतीच्या ज्या पुस्तकावर पाचवीचं गणित शिकली, त्यात पहिलाच पाठ रोमन संख्याचिन्हांचा होता. चार वर्षं मुलांकडून पाढे घोटून घ्यायचे, हातचा कुठे मांडायचा ते शिकवायचं, शून्याने गुणलं की होतं नव्हतं ते सगळं जातं हे पटवून द्यायचं. आणि पोरं आकड्यांशी जरा कुठे सलगीने वागायला लागली की म्हणायचं, ते राहू दे बाजूला, आता आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच आणि एक्स म्हणजे दहा. ज्यांच्याकडे शून्याला चिन्हच नव्हतं अशा लोकांपासून वर्षाच्या गणिताला सुरुवात करायची, याला धाडस लागतं. नवं पुस्तक, नवं खाकी कव्हर आणि गणिताच्या तासाला इंग्रजीची मुळाक्षरं!

पालकांचा या पाठाला विरोध नसतो, पण प्रेमही नसतं. "दोन मार्कांचं येतं, पाठ करून टाक," एवढं बोलून ते अपूर्णांकांच्या काळजीला लागतात. मला मात्र हा पाठ फार आवडतो. गणिताच्या अख्ख्या पुस्तकात एवढा एकच पाठ असा आहे की ज्यात काही सोडवायचं नसतं. फक्त वाचायला शिकायचं असतं. आणि नुकतं वाचायला लागलेलं माणूस, मग ते पाच वर्षांचं असो की पन्नास, दिसेल ते वाचत सुटतं. भाचीचंही तसंच झालं. (तिची चिन्हं मी इथे उच्चारानेच लिहिणार आहे. डोळ्यांपुढे आकृती आणण्याचं काम वाचकांनी करावं.)

चिन्हं सगळी मिळून सात. आय एक, व्ही पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे, एम हजार. आय, एक्स, सी आणि एम यांना लागोपाठ तीनदा यायची मुभा आहे. व्ही, एल, डी यांनी एकदाच यायचं. इथवर कोणालाही जमतं. खरी मेख पुढे आहे. लहान चिन्ह मोठ्याच्या उजव्या हाताला आलं तर मिळवायचं, डाव्या हाताला आलं तर वजा करायचं. तोच एक व्हीच्या उजवीकडे बसला तर पाचाचे सहा होतात आणि डावीकडे बसला तर चार. बरं, डावीकडे बसायचा मान सरसकट सगळ्यांना नाही. आयने फक्त व्ही आणि एक्सच्या डावीकडे बसावं, एक्सने एल आणि सीच्या, सीने डी आणि एमच्या. व्ही, एल, डी यांनी थोरल्याच्या डावीकडे बसायचंच नाही. आपल्या लग्नातले मानपान ज्याला कळले त्याला हे सांगायची गरज नाही. कोण कोणाच्या शेजारी बसला यावर तिथेही सगळ्या ओळीची किंमत कमीजास्त होते, आणि नियम कोणी केले ते कोणालाच माहीत नसतं.

भाचीने नेमकं तेच विचारलं.

"मामा, नऊ म्हणजे दहाला एक कमी. म्हणून एक्सच्या आधी एक आय. बरोबर?"

"बरोबर."

"मग आठ म्हणजे दहाला दोन कमी. एक्सच्या आधी दोन आय लिहिले तर काय बिघडलं? व्हीच्या पुढे तीन-तीन आय काढण्यापेक्षा एक अक्षर वाचतं की."

पुस्तकात बसत नाही म्हणून चूक, असं उत्तर देता आलं असतं. पण पोरीच्या बाजूने दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी पुरावा आहे, तो दडवणं मला जिवावर आलं. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात रोमच्या तीन पलटणी पार कापल्या गेल्या: सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी. त्या रणात पडलेल्या मार्कस कॅलियस नावाच्या अधिकाऱ्याची स्मृतिशिळा आज बॉनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर अठरावी पलटण एक्स-आय-आय-एक्स अशी कोरलेली आहे. दहा, आणि पुढे दहाला दोन कमी. म्हणजे भाचीचाच आठ. (त्या तिन्ही पलटणींचे क्रमांक रोमने पुन्हा कधी कोणत्याही पलटणीला दिले नाहीत. आकडा अपशकुनी ठरवण्यात रोमन लोक आपल्या फार मागे नव्हते.)

आणखी एक पुरावा खुद्द रोममध्ये आहे. कलोसियमला सभोवार ८० कमानी, त्यांतल्या ७६ प्रेक्षकांसाठी क्रमांक घातलेल्या. हातातल्या बिल्ल्यावरचा आकडा बघायचा आणि त्या कमानीतून आत शिरायचं. त्यांतले काही आकडे दगडावर अजून शाबूत आहेत. चव्वेचाळिसाव्या कमानीवर एक्स-एल आणि पुढे चार उभ्या रेघा आहेत. चाळीस लिहिताना पन्नासातून दहा वजा केले. चार लिहायची वेळ आली तेव्हा मात्र वजाबाकीचा कंटाळा केला आणि चार रेघा ओढून कारागीर मोकळा झाला. एकाच आकड्यात दोन रीती! आमच्या वेळचे गणिताचे मास्तर असते तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आज आपण ज्यांना रोमन नियम म्हणतो ती कडक शिस्त रोमनांना स्वतःला नव्हती. पंतांपेक्षा पंतांचा कारकून जास्त कडक, तसं काहीसं झालं आहे.

एक कबूल करायला हवं. वजा करून मोजायची ही तऱ्हा मराठी मुलाला मुळीच परकी नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणताना आपण येणाऱ्या दशकातून एक उणाच करतो, आणि लॅटिनमध्ये एकोणिसाला 'विसाला एक कमी' असंच म्हणतात. अठरालाही ते 'विसाला दोन कमी' म्हणतात. तिथे मात्र आपण त्यांची साथ सोडली. घड्याळ बघतानाही पावणेपाच, पावणेसहा असे आपण पाव तास कमीच करत असतो, आणि जुन्या शाळेत पाऊणकीचा वेगळा पाढा असे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात जो गहजब झाला तो अनेकांना आठवत असेल. लिहिताना आधी दोन आणि बोलताना आधी पाच, हा पंचवीसचा उलटा व्यवहार लहान मुलांना जड जातो, ही गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू मला तेव्हाही पटली होती. पण एकोणतीस बोलून बोलून ज्या जिभा तयार झाल्या, त्यांना एक्सच्या डावीकडचा आय एका दिवसात कळतो, हेही मी घरात बघितलं आहे.

पाठ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी भाचीने आमचं दिवाणखान्यातलं घड्याळ चुकीचं ठरवलं. वेळेत नव्हे, शुद्धलेखनात. त्याच्या तबकडीवर चारच्या जागी चार उभ्या रेघा आहेत. पुस्तकाप्रमाणे तिथे आय-व्ही हवं. नऊच्या जागी मात्र बिनचूक आय-एक्स आहे. "म्हणजे यांना वजाबाकी येते, मग इथे का नाही केली?" असा तिचा सवाल. हे काही आमच्याच घड्याळाचं वैगुण्य नाही. जगातल्या बहुतेक रोमन तबकड्यांवर चार असाच लिहितात. लंडनचं बिग बेन हा ठळक अपवाद. तिथे आय-व्ही आहे.

कारणं पुष्कळ सांगतात. कोणा राजाने हट्टाने तसं लिहायला लावलं, ही त्यांतली लोकप्रिय आणि बहुधा बनवलेली कथा. आय आणि व्ही ही ज्युपिटर देवाच्या लॅटिन नावाची पहिली दोन अक्षरं, म्हणून ती तबकडीवर लिहायला लोक कचरले, ही दुसरी. तबकडीच्या खालच्या अर्ध्यात अंक उलटे बसतात, तिथे चार आणि सहा यांचा घोटाळा होऊ नये म्हणून, ही तिसरी. ही पटण्यासारखी आहे. पण मला सगळ्यांत भावलेलं कारण ओतकाम करणाऱ्याचं आहे. कागद घेऊन बारा अंक लिहून काढा. चार रेघांचा चार धरला तर तबकडीवर एकूण वीस आय, चार व्ही आणि चार एक्स लागतात. म्हणजे पाच आय, एक व्ही, एक एक्स असा एकच साचा करायचा आणि तो चारदा ओतायचा. सगळे अंक तयार. एक तुकडा उरत नाही, एक कमी पडत नाही. पुस्तकातला चार वापरलात तर सतरा आय, पाच व्ही आणि चार एक्स, म्हणजे कोणत्याच साच्यात न बसणारा हिशेब. घड्याळजी खरोखर असंच करत होते की नाही हा वाद जाणत्यांनी घालावा. भाचीने वीस-चार-चार स्वतः मोजलं आणि घड्याळाला माफ केलं.

मग ती रस्त्यावर आली. रोमन वाचता येणाऱ्या मुलाला घेऊन मराठी शहरातून रिक्षाने जाणं ही एक करमणूक आहे. आपल्याकडच्या पाट्यांवर आद्याक्षरांची रेलचेल, आणि त्यांतली निम्मी रोमनांची निघतात. टीव्हीवर सीएम म्हणाले की तिच्या लेखी ते नऊशे. चौकातले डॉक्टर एमडी, म्हणजे पंधराशे. त्यांची फी बघता हा आकडा अगदीच चुकला असं म्हणवत नाही. घरातल्या जुन्या गाण्यांच्या सीडी चारशे. एमआयडीसीच्या कमानीखालून जाताना तिने बराच वेळ विचार केला. चारही अक्षरं रोमन आहेत खरी, पण आयला डीच्या डावीकडे बसायचा अधिकार नाही, म्हणून एमआयडीसी अवैध. त्याच कलमाखाली सीआयडी बाद. एलआयसीही बाद, कारण आयने सीच्या डावीकडे बसायचं नसतं. विमा, तपास आणि उद्योग, तिन्ही खाती एका फेरीत निकालात निघाली.

शाळेत विज्ञान दिन झाला तेव्हा तिने घरी येऊन विचारलं, एकशेपाच रामन यांनी नक्की काय शोधलं? मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. सी. व्ही. रामन. सी शंभर, व्ही पाच. रामन यांचं जन्मसाल १८८८, आणि आजवर होऊन गेलेल्या इसवी सनांमध्ये रोमन लिपीत सगळ्यांत लांब साल तेच. एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, मोजून तेरा अक्षरं. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचंही जन्मसाल तेच. उलट २००० साली जन्मलेल्यांचं काम दोन एममध्ये आटोपतं. तेराच्या पुढे जायचं तर आता २८८८ उजाडायला हवं.

सगळ्यांत मोठा गोंधळ उडाला तो लग्नपत्रिकेवर. पत्रिकेच्या माथ्यावर छापलेलं असतं ॥ श्री गणेशाय नमः ॥. भाचीने गंभीरपणे वाचलं, "दोन श्री गणेशाय नमः दोन." मागून एका आजोबांनी तिला दटावलं, पण तिच्या बाजूने बघितलं तर चूक काय होती? दोन उभ्या रेघा म्हणजे दोन. मग तिने खाली कुलदैवतं मोजली आणि तीही दोनच निघाली, त्यामुळे तिची खात्रीच पटली.

आता मुख्य शंका. या अंकांनी रोमन लोक हिशेब कसा करत होते? वेड्यावाकड्या अक्षरांनी अख्खं साम्राज्य कसं चालवलं? तर बेरीज वाटते तेवढी अवघड नाही. तेवीस आणि सोळा मिळवायचे आहेत. एक्स-एक्स-आय-आय-आय आणि एक्स-व्ही-आय. दोन्हींतली अक्षरं एका टोपलीत टाका आणि मोठी आधी अशी लावा: तीन एक्स, एक व्ही, चार आय. झाले एकोणचाळीस. शेवटचे व्ही आणि चार आय यांचा आय-एक्स करून टाकलात की पुस्तकात बसणारं उत्तर तयार. हातचा नाही, काही नाही. गुणाकार आणि भागाकार मात्र कागदावर करायच्या भानगडीत रोमन पडतच नव्हते. त्यासाठी मणी आणि खडे सरकवायची पाटी असे. हिशेब पाटीवर आणि उत्तर तेवढं अंकात. आपल्याकडचे जुने दिवाणजी याहून वेगळं काय करत होते? पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडात. रोजमेळात उतरायची ती फक्त रक्कम. हे एकदा ध्यानात घेतलं की रोमन अंकांवरचा अर्धा राग निवळतो. ते हत्यार हिशेबाचं नव्हतंच, नोंदीचं होतं.

भारतीय अंक तिकडे पोचले तेही काही वाजतगाजत पोचले नाहीत. पिसाच्या लिओनार्डोने, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखतं, १२०२ साली ग्रंथ लिहून 'भारतीयांचे नऊ आकडे' आणि शून्य यांची ओळख करून दिली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १२९९ मध्ये, फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हे नवे आकडे हिशेबाच्या वहीत वापरायला सभासदांना चक्क बंदी केली. रकमा अक्षरात लिहा असा हुकूम. नव्या आकड्यांत खाडाखोड सोपी, शून्याला शेपूट लावलं की सहा किंवा नऊ होतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. हसू येतं, पण आपण आजही चेकवर आकड्यात रक्कम लिहून भागत नाही. अक्षरी रुपये लिहायचे, पुढे 'फक्त' लिहायचं आणि तरीही शंका म्हणून उरलेल्या जागेत रेघ ओढायची. रोमन अंकांनाही हा रोग होताच. दोनाचे तीन करायला एक रेघ पुरते. त्यावर उपाय म्हणून युरोपात शेवटचा आय जे अक्षरासारखा, खाली शेपूट ओढून लिहीत. शेपटी दिसली की रक्कम संपली. आपण रकमेपुढे तिरपी रेघ आणि आडवी रेघ मारतो, तिची ही आतेबहीणच.

आणि शून्य आमचं, दशमान आमचं असं म्हणून कॉलर ताठ करण्याआधी एकदा जुन्नरजवळच्या नाणेघाटात जाऊन यावं. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात कोणाला किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले याची ती यादी आहे आणि तिच्यात आकडे कोरलेले आहेत. भारतातल्या सगळ्यांत जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांत शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह चिकटवलं की चारशे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा व्यापारी आणि सह्याद्रीतला जकातदार समोरासमोर बसले असते तर आकडेमोडीत कोणीच कोणाला हिणवू शकलं नसतं. आपल्याकडे पुढे स्थानिक किंमत आली, शून्य आलं. त्यांच्याकडे नाही आलं. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

हिशेबातून निवृत्त झाल्यावर या अंकांनी दुसरी नोकरी धरली: मानाची. कुठेही बघा, साधं काम साध्या आकड्यांना आणि अध्यक्षस्थान रोमनांना. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत भागांना रोमन क्रमांक आहेत आणि अनुच्छेदांना साधे. मूलभूत हक्क भाग तीन, मार्गदर्शक तत्त्वं भाग चार. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ५१ ऑर्डरी आहेत, त्या रोमन. त्यांच्या पोटातले नियम मात्र साधे. तालुक्याच्या कोर्टात पक्षकार आधी बांध आणि वहिवाट एवढंच बोलत असतो. मनाईहुकमाचा अर्ज लागला की चार तारखांत तोही 'ऑर्डर थर्टीनाईन रूल वन-टू' सहज बोलायला लागतो. त्याच्या अर्जाच्या माथ्यावर तीन एक्स, एक आय आणि एक एक्स छापलेले असतात, आणि दाव्याचा निकाल तेवढ्याच वळणांनी येतो.

इंग्रजी ग्रंथांत प्रस्तावनेची पानं बारीक रोमन अंकांत असतात. मूळ मजकूर आधी छापून तयार होतो आणि प्रस्तावना लिहिणारे थोर गृहस्थ महिनोन्‌महिने देतो देतो म्हणत राहतात, त्यावर काढलेला हा तोडगा. पानं किती वाढतील याचा नेम नाही, म्हणून त्यांची मोजणीच वेगळी. आपल्या मराठी छापखान्यांनी या कामाला रोमला विचारलंच नाही. मराठी पुस्तकाची प्रस्तावना उघडा: पानाच्या तळाशी अक्षरात पाच, सहा, सात, सव्वीस. मला हा उपाय जास्त देखणा वाटतो.

राजेलोकांचं तर रोमन अंकाशिवाय पान हलत नाही. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईनंतर राज्यावर बसलेला पुढचा लुई थेट अठरावा. सतरावा हा सोळाव्याचा मुलगा; कैदेतच वारला, एक दिवसही राज्य केलं नाही, तरी आकडा त्याच्या नावे राखून ठेवला. पोपांच्या यादीत जॉन विसावे कधी झालेच नाहीत. एकोणिसाव्यानंतर थेट एकविसावे. आपल्याकडे अशा वेळी थोरले, धाकटे म्हणायची रीत. इंग्रजी इतिहासातला दुसरा माधवराव मराठीत सवाई होतो, म्हणजे दोनाचा सव्वा झाला तरी मान वाढतोच. ऑलिंपिकचंही तसंच. १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा महायुद्धांमुळे झाल्याच नाहीत, पण क्रमांक मात्र त्यांना मिळाले. म्हणून गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं ते पंधराव्या ऑलिंपिकमध्ये, एक्स-व्ही, जरी प्रत्यक्षात भरलेलं ते बारावंच होतं. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेतलं ते तेहतिसाव्यात, तीन एक्स आणि तीन आय. एक्स-व्हीपासून तिथवर यायला महाराष्ट्राला बहात्तर वर्षं लागली.

मानाच्या नोकरीत कधी कधी फजितीही होते. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या सुपर बोल स्पर्धा रोमन अंकांनी मोजतात. २०१६ मध्ये पन्नासावी आली आणि बोधचिन्हावर नुसता एकटा एल कसा दिसेल या विचाराने आयोजकांनी त्या वर्षापुरते साधे ५० लिहिले. २०१७ मध्ये ॲपलने आयफोन दहा काढला, त्यावर एक्स लिहिलं आणि साऱ्या जगाने त्याला एक्सच म्हटलं. एक्सेलमध्ये रोमन आकडे करून देणारं सूत्र आहे, ते ३९९९ ला थांबतं. चार हजारांसाठी डोक्यावर आडवी रेघ द्यावी लागते. त्याच सूत्रात कडक ते सैल अशा पाच पायऱ्याही आहेत. ४९९ कडक पायरीवर लिहिलं तर सहा अक्षरं होतात आणि सगळ्यांत सैल पायरीवर नुसतं आय-डी. भाचीने हे बघितलं तेव्हा तिला फार समाधान वाटलं. एक्सच्या आधी दोन आय लिहू न देणाऱ्या पुस्तकापेक्षा कॉम्प्युटर समजूतदार निघाला.

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि तरी कोणाच्याही नजरेत न भरणारी अशी एक ओळ कोरलेली आहे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी हिंदुस्थानात पाऊल ठेवलं, त्याची ती नोंद. त्यात राजाच्या नावापुढे एक व्ही आहे. तारीख दोन डिसेंबर अक्षरात आहे आणि साल रोमनमध्ये: एम-सी-एम-एक्स-आय. एम हजार, सी-एम नऊशे, म्हणजे डावीकडे बसून सीने एमचे शंभर कमी केले, एक्स-आय अकरा. १९११. राजा उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. दगडावर दगड चढून ती १९२४ मध्ये खुली झाली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालूनच परत गेली. गंमत अशी की लंडनच्या ॲडमिरल्टी कमानीवर त्याच्या आदल्याच वर्षाचं साल कोरलेलं आहे, १९१०, आणि तिथे नऊशे लिहिले आहेत एक डी आणि चार सी असे. साम्राज्य एक, साल एकच पुढचं, आणि नऊशे लिहायची एकवाक्यता तेव्हाही नव्हती. पाचवीच्या पुस्तकाने तपासलं तर मुंबई पास आणि लंडन नापास.

गेटवेला आपण सगळेच जातो. कबुतरं, एलिफंटाची लाँच, मागे ताज येईल असा फोटो, सगळं होतं. पुढच्या वेळी बरोबर पाचवीतलं मूल असेल तर त्याला कमानीपुढे उभं करा आणि साल वाचायला सांगा. उत्तर तुम्ही आधी सांगू नका. मधला सी डावीकडे का बसला, ते त्याला तुमच्याआधी कळेल.